मेसला पाचपैकी पाच

आमच्या विद्यापीठात दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी पोरींच्या मोबाईलवर एक लिंक येते. लिंक उघडली की प्रश्न येतात. शिकवणं कसं आहे, वाचनालय कसं आहे, संडास-बाथरूम कसं आहे, मेसचं जेवण कसं आहे. प्रत्येक प्रश्नाखाली पाच तारे. जितकं आवडलं तितके तारे दाबायचे. मास्तर लोकांना वेगळी लिंक असते आणि आम्हा खालच्या लोकांना कागद. आमचा कागद ऑफिसातला बाबू भरतो, आम्ही सही करतो. म्हणजे विद्यापीठ आपला पेपर आपणच लिहितं आणि आपणच तपासतं. मी चौथी शिकलो आहे. आमच्या चौथीत तरी पेपर मास्तर तपासायचे.

मी मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर बसतो. त्याआधी चिखल्याला मँगनीजच्या खाणीत होतो, जमिनीखाली. रिटायर झालो, खाणीच्या कॉलनीतली खोली सोडावी लागली, तेव्हा हे विद्यापीठ तुमसर रोडवर नवीनच उभं राहत होतं. माझ्या बायकोला मेसमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं, मला फाटक मिळालं, आणि दोघांना मिळून मेसच्या मागची खोली मिळाली. पोरी तिला आजी म्हणत, मला आबाजी. एका थंडीत ती वारली.

मेसची भट्टी धानाच्या कोंड्यावर चालायची. संस्थेच्या मालकांची राईस मिल आहे, तिथला कोंडा फुकट यायचा, पोत्यांनी. कोंडा जळायला लागला की आधी धूर होतो, मग आग. आग वाढली की धूर कमी होतो असं कोणी म्हणत असेल तर त्यानं कोंड्यावर कधी भात शिजवलेला नाही. पोतं ओतलं की पुन्हा धूर. भट्टीच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, त्यातल्या एकीला लागून पुढं किराणा ठेवायची खोली बांधली. भिंतीत एक पंखा आहे. तो फिरताना मी पाहिलेला नाही. वर धुराडं नाहीच. बांधताना राहून गेलं, असं म्हणतात. सकाळी मी चहा घ्यायला जायचो तेव्हा आधी तिचा आवाज दिसायचा, मग ती. असं लिहिलं तर हसतील, पण तसंच होतं. धुरातून नुसता आवाज यायचा, "आले का तुमी? बसा तेथीच, आत नोका येऊ."

ज्या दिवशी लिंक यायची त्या दिवशी ती लाखोरीच्या डाळीचे वडे करायची. हा तिचा नेम होता. ऑफिसातून आधी मास्तरांना कळायचं, मास्तरांकडून पोरींना, आणि पोरी धावत मेसच्या दारात.

"आजी, लिंक आली व."

"आली का? मंग आज वडे."

"आजी, तू लाच देऊन रायली आमाले."

"हो, देऊन रायली. खा अन् पाच दाबा. चार दाबले तं उद्यापासून पान्यासारखं पातर वरन."

पोरी हसायच्या, ताटं घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि एका हातात वडा धरून दुसऱ्या हातानं पाच तारे दाबायच्या. तिला मोबाईल कळत नव्हता. तरी ती एकेकीच्या खांद्यावरून वाकून बघायची. पाचही पिवळे झाले की म्हणायची, "हा. अस्सं."

ही तिची हौस होती असं नाही. मेसचा ठेका एका माणसाकडे आहे. त्यानं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की मेसचे मार्क पडले तर तो स्वयंपाक बंद करून तुमसरवरून डबे लावील. ते तिच्या डोक्यात बसलं. खाणीत आम्हाला छताचा आवाज ऐकायला शिकवायचे, कुठं दगड बोलतो ते. तशी ती ताऱ्यांचा कानोसा घेत राहायची. पोरींना ते माहीत होतं. भात करपला त्या दिवशीही त्यांनी पाचच दिले असते. प्रेमानं द्यायच्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी पाच दिलेले मी ऐकले नाहीत. कुलगुरूंच्या भाषणाला तीन मिळाले होते.

असे सगळ्यात जास्त मार्क मेसला. ऑफिसच्या बाहेरच्या फळ्यावर रंगीत पट्ट्या लावत, त्यात मेसची पट्टी सगळ्यात उंच. एका कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. ती चप्पल खाली काढून स्टेजवर गेली आणि माईकवर काही बोला म्हटल्यावर म्हणाली, "जेवाले या." सगळा हॉल हसला.

खोकला तोपर्यंत सुरू झाला होता. मी म्हटलं, चल, धुराड्याचं सांगू. आम्ही दोघं ऑफिसात गेलो. विद्यापीठाचा दर्जा पाहायला एक सर नेमले होते, त्यांच्याकडं हे सगळे तारे जायचे. माणूस वाईट नाही. कंत्राटावर होता, दरवर्षी त्याची नेमणुकीची ऑर्डर निघायची वेळ आली की त्याचं तोंड दोन-तीन दिवस वाळलेलं असायचं. त्यांनी आम्हाला बसवलं. तिनं सांगितलं, साहेब, वर एक धुराडं लावून द्या, डोळ्याला सोसत नाही. सरांनी कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला.

"हे बघा आजी. ही सगळ्यात उंच पट्टी कुणाची? तुमची. आता पैसा कुठं जातो, जिथं पट्टी बुटकी आहे तिथं. वाचनालयाला पोरींनी दोन तारे दिले, म्हणून यंदा वाचनालयाला एसी. तुमचं तर उत्तमच चाललंय. उत्तम आहे तिथं खर्च दाखवला तर वरचे मलाच विचारतील, की उत्तम होतं तर कशाला केला."

बाहेर आलो तर ती खूश होती.

"सगऱ्यात उंच पट्टी माही होती. पायली का तुमी?"

"पायली."

"वाचनालयाच्याहून उंच."

आणि पदर तोंडाला लावून खोकत खोकत पायऱ्या उतरली. त्या हिशेबातली गोम मला तेव्हा कळली नाही. ती गेल्यावर कळली, फाटकावर बसून बसून. पोरी तिच्यावर जितकं प्रेम करत होत्या तितकं धुराडं लांब जात होतं. त्यांनी तिला वाईट म्हटलं असतं तर ती जगली असती. हे मी कुणाला सांगितलं नाही. पोरींना तर नाहीच. त्या वयात असं ऐकू नये.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मला विचारलं, बाई बिडी पितात का? मी म्हटलं, नाही. चुलीवर रांधतात का? मी म्हटलं, भट्टीवर. मग त्यानं माझं विचारलं. मी म्हटलं, खाणीत होतो. तो माझ्याकडं पाहत राहिला, मग म्हणाला, तुमचाही काढून घेऊ. माझा फोटो साफ निघाला. खाणीत मी होतो, छाती तिची गेली. ह्याचा अर्थ काय लावायचा तो ज्याला लावायचा त्यानं लावावा. मी लावून थकलो.

शेवटी शेवटी ती उताणी झोपू शकत नव्हती. भिंतीला टेकून बसायची. भट्टीवर तेव्हा तिची हाताखालची बाई होती, तिला बसल्या जागेवरून ओरडून सांगायची, मीठ कमी टाक, पोरी तहानेनं उठतात. मेली त्या सकाळीही मेसमध्ये पोहे झाले. व्हायलाच पाहिजेत, पोरींचे पेपर होते. पुण्यानुमोदनाला पोरी बस भरून माझ्या भावाच्या गावी आल्या. बुद्धवंदना चालू असताना एक पोरगी इतकी रडली की तिला बाहेर न्यावं लागलं. मी रडलो नाही. मला वाटत होतं, ह्यांच्यासाठी भात कोणी टाकला असेल.

हाताखालची बाई नाकाडोंगरी गावची. पोरीही तिला नाकाडोंगरीवालीच म्हणतात. नवरा नागपूरला कामाला गेला तो तिकडचाच झाला. पोरगी गावात तिच्या आजीजवळ, शाळेत. ती माझ्या बायकोला मावशी म्हणायची, मला काकाजी. बायकोच्या जागी तीच भट्टीवर उभी राहिली. रांधणं तिचं बरं आहे. बायकोसारखं नाही, पण बरं आहे.

उन्हाळा लागायच्या आत एके पहाटे मला भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. मी उठून बसलो. पाणी द्यायला हात लांबवला. मग ध्यानात आलं की इकडं कोणी नाही, खोकला भट्टीकडून येतो आहे. तोच खोकला. तीन लहान, एक लांब, मग ओढून घेतलेला श्वास. हा खोकला मी ओळखतो, जसा कोणी आपल्या बैलाच्या घंटेचा आवाज ओळखतो. त्या दिवसापासून माझं दुसरं काही चालेना. एक बाई मेली, ती माझी होती. दुसरी त्याच जागेवर उभी आहे आणि तिलाही लिंकच्या दिवशी पाच मिळणार आहेत.

त्यात ते वर्ष कमिटीचं होतं. काही वर्षांनी एकदा बाहेरची कमिटी येते आणि विद्यापीठाला ग्रेड देते. त्याच्या आधी विद्यापीठानं आपलं आपण लिहून द्यायचं, आम्ही असे आहोत, आमच्या पोरी असं म्हणतात, आमचे नोकर असं म्हणतात. महिनाभर तेच. फाटकाला रंग दिला. कुंड्या आल्या, त्या नर्सरीत परत जाणार होत्या म्हणून कोणी हात लावायचा नाही. हॉलमध्ये तालीम सुरू झाली. एक मास्तर कमिटी होऊन खुर्चीवर बसायचे आणि बाकीचे उत्तरं द्यायचे. थंडीत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, त्यांच्या तालमी मी पाहिल्या आहेत. तिथं चुकलं की हसतात तरी.

मलाही बोलावलं.

"बाबा, तुम्हाला विचारलं, इथं कसं वाटतं, तर काय सांगाल?" दर्जावाल्या सरांनी विचारलं.

"चांगलं हाये म्हनीन."

"नुसतं चांगलं नाही. म्हणा, घरच्यासारखं वाटतं."

"साहेब, घरच हाये ना माहं. मेसच्या मांगं."

"मग तेच म्हणा, पण जरा हसून."

सर स्वतः हसत नव्हते. ग्रेड चांगली आली तर काही लोकांना कायम करणार अशी बातमी होती. त्यांचे ओठ फुटले होते आणि ते सारखी जीभ फिरवत होते.

लिंक आली त्या दिवशी जवाहरनगरची एक पोरगी फाटकावर माझ्याजवळ येऊन बसली. बाप तिकडं कारखान्यात आहे, पक्क्या नोकरीवर. ही शेवटच्या वर्षाला. तोंडानं तिखट, पण मनात ठेवत नाही. पुण्यानुमोदनाला बाहेर न्यावी लागली ती हीच. मोबाईल हातात धरून म्हणाली, "आबाजी, यंदा मेसला किती द्यायचे? आजी नाही तर पाच कशाचे?"

मी म्हटलं, "एक दे."

"अरे बापरे. जेवण ठीक आहे ना पण."

"जेवनाचं नाइ म्हनत मी. धुराचं म्हनून रायलो."

तिनं मोबाईल बोटानं वर-खाली केला. "चव, स्वच्छता, वेळ, कर्मचाऱ्यांची वागणूक. धुराचा प्रश्नच नाहीये आबाजी. बघा."

मला काय दिसणार. मी म्हटलं, "मंग सगऱ्याले एक दे. तुमचे सर म्हनतात, पट्टी बुटकी असन तेथीच पैसा जाते. वाचनालयाले दोन देले तं एसी लागला. येथं एक द्या, धुराडं लागन."

हुशार पोरगी. मला जे समजायला एक मरण लागलं ते तिला तिथं फाटकावर बसल्या बसल्या समजलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही आजीला पाच पाच देत होतो तेव्हा..."

"ते सोड. जा, जेव आता," मी म्हटलं. बोलायला नको होतं ते शेवटी बोलूनच झालं होतं.

संध्याकाळपर्यंत साऱ्या वसतिगृहात झालं. एकेका खोलीत जाऊन तिनं पोरींना सांगितलं. खाली सूचनेसाठी एक रकाना असतो, त्यात तिनं लिहिलंही, मेसला धुराडं लावा. मला येऊन वाचून दाखवलं. मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली असं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आटोपून नाकाडोंगरीवाली फाटकावर आली. हात ओले, कपाळाला राख.

"काकाजी, तुमी पोरीइले का सांगतलं?"

"का सांगतलं?"

"एक तारा द्या म्हनून सांगतलं ना? माह्या रांधन्याले एक तारा?"

"तुह्या रांधन्याले नाइ बाई. भट्टीले."

"भट्टीचं नाव कोठी हाये तेथं? ठेकेदार का भट्टीले काढन? मले काढन."

"तू खोकलून रायली. मी आयकतो ना भिंतीतून. तिचा बी असाच लागला होता."

"लागू द्या. मावशी बी खोकलत खोकलत येवढी वर्स रांधत रायली ना?"

"अन् मेली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली बसली, फाटकाच्या दगडावर, आणि हळू बोलली. "मेली ते तुमची होती म्हनून तुमाले दिसते. मी जिती आहो. मी कोनाले दिसत नाइ. येथं दोन वेरा जेवन हाये, महिन्याचा पगार हाये, पुढच्या साली पोरीची दहावी हाये. धूर तं घरी बी हाये काकाजी. आमच्या घरी चुलीले धुराडं कोनं लावलं? तेथं तं तारे बी नाइ भेटत."

मी म्हटलं, "थांब, पोरीले सांगतो." आणि खरंच गेलो. वर्गाच्या बाहेर जवाहरनगरच्या पोरीला गाठलं. म्हटलं, एकाचे तीन करून टाका, जमलं तर चार.

"ते सबमिट झालं आबाजी. परत उघडत नाही." मग म्हणाली, "घाबरता कशाला? आपण खरंच तर दिलंय."

तिचा बाप कारखान्यात पक्का. तिला खरं बोलणं परवडतं, आणि ते तिनं बोललं पाहिजेच, मी तिला नावं ठेवत नाही. मला वाटतं मलाही परवडत होतं. माझं आता जायचं काय राहिलं होतं. ज्या बाईचं जाणार होतं तिला आम्ही दोघांनी विचारलं नव्हतं, एवढंच.

नाकाडोंगरीवालीला मी येऊन सांगितलं की आता होत नाही. ती म्हणाली, "बरं." आणि डाळ घोटायला गेली.

कमिटी आली त्या दिवशी भट्टी विझवली होती. तिच्यापुढं पांढरा फ्लेक्स लावला, त्यावर भाजीपाल्याचं चित्र. भाड्यानं गॅस आणला. नाकाडोंगरीवालीला पांढरी टोपी, हातमोजे आणि नवीन पातळ दिलं. मी दारातून पाहिलं तर मेस चकचकीत दिसत होती आणि ती त्यात पाहुण्यासारखी उभी होती. कमिटीत एक बाई होत्या, बाहेरच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्या मेसमध्ये गेल्या, भात चाखला, अच्छा है म्हणाल्या. फ्लेक्सच्या मागं कुणी बघितलं नाही. मग पोरींशी त्यांनी हॉलमध्ये दार लावून बोलणं केलं. मास्तरांना बाहेर काढलं. हे मात्र त्यांचं बरं असतं.

जाताना त्या बाई फाटकावर थांबल्या. गाडी यायची होती. सर बाजूला होतेच.

"बाबा, आप यहाँ कब से हैं? कैसा लगता है?"

मी उठून उभा राहिलो. हसून सांगायचं होतं. मी म्हटलं, "मेरी औरत यहीं खाना बनाती थी. धुएँ से मर गई. अब दूसरी बाई खाँस रही है. वो जो परदा लगाया है ना, उसके पीछे देखो."

माझी हिंदी इतकीच. बाईंच्या कपाळावर आठी आली. सर पुढं झाले आणि इंग्रजीत काही बोलले. बोलताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. बाईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी मला हात जोडले. "बहुत दुख हुआ, बाबा. अपना खयाल रखिए." गाडी आली, त्या बसल्या.

"का सांगतलं तुमी त्याइले?" मी सरांना विचारलं.

"सांगितलं, ह्यांची पत्नी नुकतीच वारली आहे. दुःखात आहेत." सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "खोटं सांगितलं का बाबा?"

खोटं नव्हतं. मी खाली बसलो.

ग्रेड आली ती होती त्याच्यापेक्षा एक पायरी खालची. कमिटीनं वाचून दाखवलं म्हणे, मुली भोजनाबाबत अत्यंत असमाधानी आहेत. असमाधानी हा शब्द मला सरांनीच सांगितला. "मेसनं मारलं बाबा. बाकी सगळं जमलं होतं." सूचनेच्या रकान्याचं मी विचारलं. ते म्हणाले, रकाने कोण वाचतं, हजार रकाने असतात, ताऱ्यांची सरासरी निघते.

मग कळलं की पट्टी बुटकी झाली की खर्च करायचा किंवा ते कामच बंद करायचं, दोन्ही चालतं. दोन्हीला सुधारणा म्हणतात. मेस बंद झाली. तुमसरवरून डबे लागले. ठेकेदार तोच. मेसच्या दाराला कुलूप लागलं आणि फळ्यावर कागद लागला, की विद्यार्थिनींच्या अभिप्रायाची दखल घेऊन तत्काळ सुधारणा करण्यात आली आहे. सरांनीच लिहिला होता. पुढच्या वर्षी त्यांची ऑर्डर निघाली नाही.

जवाहरनगरची पोरगी फाटकावर आली. म्हणाली, "आबाजी, आपण तर धुराड्यासाठी..."

"हो."

"आता काय करायचं?"

"काइ नाइ. तू पास हो."

ती पास झाली, गेली. एकदा फोन आला होता, पुण्याला नोकरी लागली म्हणून. मी म्हटलं, जपून राह्य.

नाकाडोंगरीवाली गेली त्या दिवशी मी तिचं गाठोडं उचलायला गेलो. तिनं उचलू दिलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. स्टॉपवर मी थोडा मागं उभा राहिलो. बस आली, ती चढली, खिडकीजवळ बसली, आणि बस निघेपर्यंत समोरच्या सीटकडं बघत राहिली.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी नाकाडोंगरीला गेलो. काय करायला गेलो ते मलाही सांगता येणार नाही. घर विचारत विचारत पोचलो. गावाच्या टोकाला, रानाच्या बाजूला. दारात तिची म्हातारी आई बसली होती. आत अंधारात एक पोरगी चूल फुंकत होती. शाळेच्या वेळेला.

"कोन गा तुमी?" म्हातारीनं विचारलं.

"विद्यापीठातून आलो. फाटकावर असतो."

"तुमीच का ते, बाईचं काम घालवलं ते?"

मी म्हटलं, "हो."

म्हातारी उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी ते प्यालो. पोरीचं विचारलं. म्हातारी म्हणाली, शाळा सोडली नाही, पण जात नाही, माय रोवण्यावर जाते तर घरी कोण रांधील. पोरगी आमच्याकडं न बघता चूल फुंकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती मनगटानं पुसत होती.

ऊन कलल्यावर नाकाडोंगरीवाली आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. मला पाहून थबकली, मग रांजणावरून पाणी घेऊन पाय धुतले. उन्हानं काळी झाली होती. पाहुणा म्हणून मला बसा म्हटलं, मी बसलेलाच होतो.

"मेसले आता कोन हाये?"

"कोनी नाइ. कुलूप हाये."

"अन् पोरी?"

"डबे येतात. थंडे."

तिनं पदरानं पाय पुसले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "खोकला कसा हाये?"

"कमी हाये," ती म्हणाली. जसं काही मी तिच्या तोंडून ते वदवून घ्यायलाच आलो होतो.

मी ज्यासाठी सगळं केलं होतं ते झालं होतं. तिचा खोकला कमी होता. मी तिच्या अंगणात बसलो होतो, आणि मला हे कुणाला सांगावं असं वाटेना.

ती आत गेली. पोरीला म्हणाली, "सरक, तू बाहिर बस," आणि स्वतः चुलीपुढं बसून फुंकायला लागली. धूर दारातून बाहेर यायला लागला. पोरगी उंबऱ्यावर येऊन बसली, माझ्यापासून लांब, पाठ करून. मी उठलो. दारातूनच म्हटलं, जातो, बस आहे. आतून उत्तर आलं नाही. धुरामुळं तिला ऐकू आलं नसेल असं नाही, धुरानं कान बंद होत नाहीत. मी अजून एकदा म्हटलं आणि स्टॉपकडं निघालो.